पुंगळ्या

रविवारी संध्याकाळी नेमबाजीचं मैदान ओस पडलं
की मार्नी स्कार टॉर्च घेऊन जाते.
मोंटानाच्या वाऱ्याने पार झोपवलेल्या गवतात
लोकांनी उडवून टाकलेलं पितळ असतं.
ती वाकते, उचलते, बुडावरचे आकडे वाचते,
आपल्या मापाचं नसेल ते परत टाकते.
गुडघे कुरकुरतात.
पण पितळ फुकट आहे.

दुकानात वीस काडतुसांचा डबा
म्हणजे तिचे शाळेच्या बसवरचे दोन दिवस,
पहाटे साडेपाचला काच खरवडण्यासकट.
आणि हरणांचा हंगाम
कुणाच्या पगारासाठी थांबत नाही.
फ्रीझर मात्र थांबलेला आहे, उघडला की
मटारची एक पिशवी आणि बर्फ.

एप्रिलमध्ये ऑर्व्हल ट्वेट वारला.
त्याच्या बायकोने, इंगाने, गॅरेजचं दार वर केलं,
वस्तूवस्तूवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर किंमत.
दाबयंत्र, वीस. तराजू, पाच.
मार्नीने अठरा डॉलर दिले, वर केळ्याचा केक.
इंगा म्हणाली, खालचा खणही घेऊन जा,
मला त्यातलं काही कळत नाही,
आणि कळून घ्यायचंही नाही.

खणात कॉफीचा डबा.
डब्यात एक्केचाळीस भरलेली काडतुसं,
तिच्याच बापाच्या रायफलीच्या मापाची,
लख्ख, सरळ, एकसारखी.

मोह झाला. का होणार नाही?
पण दुसऱ्याने भरलेलं आपल्या नळीत घालायचं नसतं.
मेलेल्याने भरलेलं तर नाहीच.
शंका आली तर विचारणार कुणाला?

म्हणून तीन रात्री ती ती उघडत बसली.
टक्, लाकडावर. टक्.
शिसं एका वाटीत, पितळ दुसऱ्या,
आणि दारू मागच्या अंगणात, पावसाआधी, फेकून.
कोल्बी खिडकीतून बघत होता.
ह्या घरातून दारू बाहेर फेकली जाताना
त्याने आधीही एकदा पाहिलं होतं,
तेव्हा बाटल्या होत्या, आणि बाबा होता.

जूनमध्ये तेवढ्याच तुकड्यात
गवत गुडघ्याएवढं, गडद.

टेबल एकच.
सहाला जेवण, सातला अपूर्णांक,
आठला कोल्बी झोपला की फळी, शिकंजा, यंत्र.
ग्रंथालयाचं पुस्तक, परत करायची तारीख उलटलेली.
त्यात प्रत्येक ओळीला दोन आकडे असतात:
इथून सुरू करा, ह्यापुढे जाऊ नका.
ती पहिल्यावर बोट ठेवते.
आयुष्यात कुणी तिला असं
दोन्ही टोकं छापून दिली नव्हती.

टोप्यांचा मात्र पैसा मोजावाच लागतो,
शंभरच मिळाल्या, दुकानदार म्हणाला, माणशी एक डबी.
तराजूचा काटा श्वासानेही हलतो,
म्हणून ती तोंड बाजूला करून श्वास सोडते.
डबल पडली तर रायफल फुटते, बोटं जातात.
म्हणून प्रत्येक पुंगळीत टॉर्चने डोकवायचं.
फोन वाजला? वाजू दे.
मन दुसरीकडे गेलं? तर ती ओतून पुन्हा पहिल्यापासून.
एकदा बँकेचं पत्र आलं त्या दिवशी
तिने फळी बाहेर काढलीच नाही.

दीड महिन्यात वीस झाली.
त्यातल्या दोघींच्या माना चिरलेल्या निघाल्या,
फेकल्या. अठरा.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार.
कोल्बीला तिने बरंच मागे उभं केलं,
गाडीच्याही पलीकडे, कानात बोळे.
पहिलं काडतूस आत सरकवलं तेव्हा
हात थरथरला, आणि तिने तो थांबेपर्यंत वाट पाहिली.
मग आवाज.
मग खांद्यावर ओळखीचा धक्का, बापाचाच.
रायफल शाबूत. बोटं दहा.

आई, लागली का? लागली का? कोल्बी ओरडत होता.

तिने कडी मागे ओढली.
कागदाकडे नंतर बघू.
आधी वाकली, गवतात हात घातला,
पुंगळी उचलली.
गरम होती.
फुंकर मारून खिशात टाकली.