काहीच नाही

रात्रपाळीत, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून
रुएलितो गावाबद्दल एवढंच सांगायचा:
"काहीच नाही, सर. समुद्र. आणि माझी आई."
त्या काहीच नाहीचा मी कित्येक वर्षं हेवा केला.

आता तो ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात आहे
आणि मी, निवृत्त, कानांत अजून इंजिनरूम घेऊन,
तालिसायानला, त्याच्या दारात उभा.
हातात लसणाच्या चटणीची बरणी.
जहाजावर तो ती भातावर घालून खायचा,
डोळे पुसत, पुन्हा मागत.

नानाय कोन्सिंगने बरणी हुंगली, शिंकली,
आणि ताटाकडे बोट केलं: "काओन ना."
जेव, म्हणजे.
कोण, कुठला, किती दिवस, ते सगळं नंतर.

ताटात पाकट होतं, नारळाच्या रसात शिजवलेलं,
वर शेवग्याचा पाला.
शेवगाच ना हा, मी खुणेने विचारलं,
तर तिने मला हाताला धरून मागीलदारी नेलं
आणि झाड दाखवलं,
जणू मी तिच्या सुनेवर संशय घेतला होता.

तिची भाषा मला येत नाही, माझी तिला.
पण दुपारी ती धुणं घेऊन बसली
आणि म्हणाली साबोन, मी साबण दिला.
म्हणाली बाल्दे, मी बादली सरकवली.
मेसा म्हणाली तेव्हा मी सरळ मेज पुसायला घेतलं.
मग कुंपणाजवळच्या झाडाकडे पाहून: चिको.
चिकू, मी म्हणालो.
चिको, ती म्हणाली.
बराच वेळ आम्ही एकमेकांना दुरुस्त करत राहिलो.
कुणाची गलबतं, कुठल्या शतकात,
दोघांच्या घरी एकच सामान उतरवून गेली.
त्यांचे मोठमोठे शब्द कुणी कुठे ठेवले, ठाऊक नाही.
धुण्याचे मात्र रोज वापरात आहेत.

घर अर्धं आहे.
ही भिंत अँटवर्पची, सून सांगते, मेर्लिंडा,
जिना डर्बनचा,
खिडक्या त्या वर्षीच्या, जेव्हा बंदराबाहेर
तीन महिने नांगर टाकून पडला होतात.
ते वर्ष मला माहीत आहे.
ओव्हरटाइमच्या कागदांवर सही माझी होती.
दोनदा मी तास कापलेही होते.
कुठली खिडक लहान झाली, विचारलं नाही.
गच्चीवर सळया उघड्याच, गंजलेल्या,
वरच्या मजल्यासाठी थांबलेल्या.
त्यांवर शाळेचे मोजे वाळतायत.

गावात फिरून आलो.
बास्केटबॉलच्या मैदानात भात वाळत घातलाय,
कडेने एक पोरगा चेंडू आपटत जातो, दाण्याला न लागता.
पायाला दोरी बांधलेले कोंबडे, प्रत्येकाला स्वतंत्र छप्पर.
बदामाखाली दोन म्हातारे, एक पाद्री.
चाळिशीतले सगळे पाण्यावर.
एवढी शांतता राखायला किती जहाजं लागतात
हे मला जहाजावर कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी ओहोटी.
बायका लांबवर गुडघाभर चिखलात शिंपल्या वेचत होत्या.
क्षितिजावर दिव्यांची ओळ दिसली
तेव्हा मी रुएलितोच्या मुलीला म्हणालो, हात कर.
तिने केला नाही.
"ते सिमेंटचं आहे," सात वर्षांची आयरा म्हणाली,
"पापा कंटेनरवर असतात."

रात्री नऊला फोन आला. रेंज फक्त चिकूखाली.
आतल्या खोलीत नानाय बरणी लपवत होती,
सांतो निन्योच्या मूर्तीमागे, मुलगा येईपर्यंत.
तो मे महिन्यात येणार.
तोवर टिकणार नाही, हे मला सांगता आलं नाही.

"सर! काय काय बघितलंत?"
"काहीच नाही," मी ओरडलो.
"काय?" तोही ओरडला. मध्ये इंजिन होतं.
नानायने फोन माझ्या हातून काढून घेतला
आणि त्याला विचारलं, जेवलास का.
तेच विचारलं असावं.
काओन हा शब्द होता त्यात.