पायापासून

ओइवा आला तेव्हा एप्रिल लागला होता,
तळ्यावरचं बर्फ करडं पडलेलं.
बूट त्याने डाव्या हाताने काढले,
टोपीही डाव्याने,
आणि उजवा हात खिशातच ठेवून म्हणाला,
खांदा दुखतो.

मी म्हटलं, झोप.
आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला.

खांदा, तो पुन्हा म्हणाला,
बहिऱ्याला सांगावं तसं.
ऐकलं मी.
पण आमच्या कौस्तिनेनच्या बाजूला सुरुवात पायापासूनच होते.
आत्याने मला हेच शिकवलं, सॉनाच्या बाकावर,
स्वतःची पोटरी माझ्या मांडीवर टाकून:
दुखऱ्या जागी सरळ जायचं नाही, तैमी.
परक्या घरी जाताना
आधी अंगणात खोकावं.

मग करंगळी, टाच, घोट्यामागची ती खोलगट वाटी.
जोर नाही. जोर लावणं सोपं असतं,
तो लावला की अंग दार लावून घेतं.
मी अंगठा ठेवते आणि थांबते,
पावाच्या कणकेवर ओलं फडकं टाकून थांबतात तशी.
कधी आतून काहीतरी सुस्कारतं.
कधी नाही.

पहिल्या मंगळवारी घोटे. दुसऱ्या मंगळवारी गुडघे.
तिसऱ्या मंगळवारी तो चिडला,
पैसे टेबलावर आपटून म्हणाला,
तू खांद्यापर्यंत पोचेस्तोवर मी मरेन.
चौथ्या मंगळवारी आला.

गावाला ठाऊक होतं, मलाही.
जानेवारीत जाळी ओढताना
त्याचा धाकटा भाऊ वेइक्को बर्फाखाली गेला.
ओइवाने पोटावर सरपटत जाऊन त्याचा हात धरला.
वीस मिनिटं. कोणी म्हणतं चाळीस.
माणसं दोर घेऊन पोचली तेव्हा
याच्या मुठीत एक लोकरी हातमोजा होता,
गोठून लाकूड झालेला.
तो कापून काढावा लागला.

मी काही विचारलं नाही.
हात विचारतात तेवढं पुरे.

कंबर. मग पाठीचा कणा, एकेक मणका.
बरगड्यांपाशी श्वास अडखळत होता,
तिथे मी दोन मंगळवार मुक्काम केला.
बाहेर छपरावरून पाणी ठिबकायला लागलं.
एकदा तो घोरला, आणि जागा होऊन लाजला.

मे सरत आला तेव्हा मी खांद्याला हात लावला.
वाट पाहून तो कंटाळला होता बहुतेक,
लगेच खाली आला,
हट्टी वासरू आपणहून गोठ्यात शिरावं तसा.
मग कोपर. मग मनगट.
आणि मूठ.

मूठ मी उघडली नाही.
लोक म्हणतात, हिच्या हाताला गुण आहे; म्हणोत बापडे.
मी तिच्याखाली माझा तळवा धरला,
भार घेतला फक्त.
इतके महिने तिला कुणी टेकू दिला नव्हता.
किती वेळ गेला कोण जाणे,
चुलीवरची कॉफी आटून डांबर झाली.
मग तो छताकडे बघत म्हणाला,
मी सोडलं नव्हतं.

नाही, मी म्हटलं.

मोजा निसटला.

हो.

अंगठा ढिला पडला. मग तर्जनी, मग मधलं बोट.
करंगळी आणि तिच्या शेजारचं
अजून तिथेच आहेत, तळ्यावर,
राहतीलही कदाचित. मी कुणाला खोटा दिलासा देत नाही.
तळहातावर नखांच्या खुणा होत्या, जुन्या, पिवळट.
त्यांवर थोडं जवसाचं तेल लावलं.
त्याने हात उलटा सुलटा करून पाहिला,
कुणीतरी उसना दिल्यासारखा.

जाताना कडीला त्याने उजवा हात घातला.
कडी निसटली.
मी उठले नाही.
त्याने पुन्हा घातला.
गार वारा आत आला, चिखलाचा वास,
आणि दार लावून घ्यायला तो विसरला.