आठवी ओव्हर

सात ओव्हर मी बाउंड्रीवर,
घणसोलीत खाडीचा वास येतो त्या बाजूला,
खांदा टॉवेलखाली गरम ठेवून.
मग माइकवाला ओरडतो, "आला रं, मढव्यांचा दयेश आला!"
सहा बॉल. बारा अडवायचे.

अठरा सिझन हेच.
कधी गावाकडून, कधी दिव्याकडून,
एकदा तळोज्याच्या टीमकडून,
विकेटकीपरचं नावही ठाऊक नव्हतं,
"भाऊ" म्हणत राहिलो.

जिंकलो की बाइक बॅट्समनला.
मला पाकीट, आणि थंड झालेलं चिकन.
हरलो की मात्र
मासळी बाजारापर्यंत माझंच नाव.

वैजयंताने एकदा शिलाई थांबवून हिशेब केला:
वर्षाला चाळीस ओव्हरी, ओव्हरीला चार मिनिटं.
"अठरा वर्षांचे तुमचे
दोन दिवस भरतात."
आणि पुन्हा पाय मशीनवर.

या फेब्रुवारीत हात कानाच्या वर जाईना.
पोरांनी निरोपाची मॅच ठेवली,
शाल घातली, म्हणाली,
काका, आज पहिली ओव्हर तुमची.

बोर्डावर शून्य.
नवा बॉल केसाळ लागला हाताला,
मला टक्कल पडलेल्याची सवय.
"अडवायचे किती?" मी विचारलं.
सगळे हसले.

पहिला वाइड. दुसराही.
तेव्हा मीच मनात धरलं,
यांना बारा हवेत,
गावाची अब्रू आहे,
आणि यॉर्कर सुटला
थेट सोळा वर्षांच्या पोराच्या अंगठ्यावर.

एका पायावर नाचत
तो बघत राहिला माझ्याकडे:
म्हाताऱ्याला झालंय काय.