दोरीच्या डावीकडून

हिलालआबा, तुम्हाला मी पाहिलेलं नाही.
तुम्ही गेलात तेव्हा माझी आई परकरात होती.
तुमचा फोटो नाही, घरचं कुणी उरलं नाही.
पारोळ्यात चितारी गल्ली विचारली
तर पोरं मोबाइलच्या दुकानाकडे बोट करतात.

धरणगाव रस्त्याच्या जिनिंगात
कापसाच्या ढिगावर ताडपत्री म्हणून टाकलेला
तुमचा राजमहाल मला सापडला. पालथा.
हमालानं उलटवला तेव्हा वास आला
सरसाचा, चिंचोक्याच्या खळीचा
आणि कितीतरी वर्षांच्या उंदरांचा.
कोपऱ्यात गेरूनं, बारीक:
हि. ता., पारोळे.

मी चित्रकला शिकवते, आबा.
आठवड्याला दोन तास,
त्यातला एक गणिताचे सर मागून घेतात.
दरवर्षी एलिमेंटरीला पोरं बसवते,
फळ्यावर क्षितिजरेषा ओढते, तिच्यावर ठिपका,
सांगते, सगळ्या रेषा इथंच येऊन मिळाल्या पाहिजेत.
म्हणून आधी दिसलं ते तुमचं चुकलेलं.

खांब कललेले.
फरशीचे चौकोन घसरत चाललेले,
सगळा दरबार जणू उताराला लागलाय.
सिंहासन तिरपं.
मनातल्या मनात लाल पेन उघडलं.
वीसपैकी सात.

(महालाच्या खिडकीतलं आभाळ मात्र
आमच्याकडच्या चैत्रातलं,
पांढुरकं, कडा जळालेलं.
आणि खिडकीबाहेर बाभूळ.
राजाच्या खिडकीत बाभूळ, आबा!
त्याचे दोन मार्क वाढवले.)

पडदा शेडच्या अँगलला बांधून घेतला,
फोटो काढायला म्हणून.
कवडी निवडणारी ठगूबाई
डावीकडे भिंतीला टेकून मिसरी लावत बसली होती.
बराच वेळ माझं मागे-पुढे होणं बघून म्हणाली,
‘तठे काय उभी शे? आठे बस. मंग देख.’

बसले.
साडीला सरकी चिकटली.
आणि खांब उभे राहिले.

एकेक करून नाही, सगळे एकदम,
फरशी सपाट, सिंहासन सरळ,
दरबार आत आत गेला,
इतका, की माझा हात पुढे झाला.

ठगूबाईनं थुंकून सांगितलं,
नाटकाला मधे दोरी असायची.
समोर खुर्च्या, त्यांवर पाटील, मामलेदार, व्यापारी.
बाया इकडे. भुईवर. पोरं मांडीला.
राजाचं घर आम्हाला चांगलं दिसायचं, म्हणाली,
जसं काही त्यात नवल नव्हतं.

खुर्च्यांवरून कुणी विचारलं का तुम्हाला?
चितारी प्यायलाय, म्हणाले का?
मजुरीतले दोन रुपये कापले?

की मीच जास्त वाचतेय, आबा.
मोतीबिंदू असेल. हात ओढत असेल डावीकडे.
पडदा अंथरायला घरात जागाच तेवढी असेल.
असंही असतं, मला माहीत आहे,
मी पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर चित्रं काढते.

पण मग ते मांजर?
डावीकडच्या खांबाच्या पायाशी, अगदी खाली,
भुईवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर,
दूध पिणारं, एक कान फाटका.
खुर्चीवरून ते दिसतच नाही. मी उभं राहून पाहिलं.

जिनिंगच्या शेठनं पडद्याचे अकराशे मागितले.
नवी ताडपत्री द्या, मग न्या, म्हणाला.
नवी ताडपत्री दिली.
पडदा आता माझ्या पलंगाखाली आहे,
राजमहालाची घडी मोडू नये म्हणून
नळीवर गुंडाळलेला.

सोमवारी वर्गात क्षितिजरेषा ओढली.
ठिपका द्यायच्या आधी खडू थांबला.
बाकं कमी आहेत, म्हणून दाराशी
रंजिता पावरा खाली बसते. जूनपासून.
तिच्या शेजारी जाऊन बसले. पोरं हसली.
विचारलं, इथून कसं दिसतं गं?

ती म्हणाली,
फळा चमकतो, मॅडम.
काहीच दिसत नाही.