अठ्ठावीस इंचांवर दोन खिळे

एका कंपनीच्या कांडीवर छापलंय पाचशे.
दुसरीच्या कांडीवर पंचेचाळीस ते साठ,
म्हणजे चपलेचा नंबर विचारावा
आणि दुकानदारानं आळीतल्या सगळ्यांची वयं सांगावीत.
तिसरी देवदाराची. तिच्यावर पेन्सिलीची एक फुली, तीही पुसट.

शमशाद मस्कतला जाताना बारा बाण ठेवून गेला.
सहा पुळणीत रुतले ते सापडलेच नाहीत,
चार सुरूच्या बुंध्यांवर फुटले,
एक रापणीच्या जाळ्यात आला, वेंगुर्लेभर माझं हसं झालं.
उरला एक. तो अजून सांगितल्या जागी जातो.
त्याची कंपनी बंद पडलीय.

म्हणून बंदरावर, मेस्तकाकांच्या होड्यांच्या मांडवात,
फणसाच्या फळीवर ठोकले दोन खिळे,
मधे अठ्ठावीस इंच.
टांगायला वजन हवं आठशे ऐंशी ग्रॅम.
जाळ्याची शिसं सुतळीत ओवून बाजारात नेली.
"ह्यो खंयचो मासो गो?" म्हणत रोझीबायनं काट्यात टाकली.
आठशे त्र्याण्णव.
संध्याकाळभर कानस चालवली.

पाचशेवाली वाकली अर्धा इंच, बरोबर.
काका डोळा बारीक करून म्हणाले, चार सूत.
आकडा मोठा तितकी कांडी मऊ,
हे मला कळायला आख्खा महिना लागला होता,
त्यांना लागलं एक सूत.
पंचेचाळीस-ते-साठ: साडेतीन.
देवदार: सकाळी चार, खारं वारं सुटल्यावर सव्वाचार.
शमशादचा शेवटी ठेवला.
पाचाला जरासा कमी.

म्हणजे इतके दिवस मी ताठ बाण विकत घेत होते
आणि दोष खांद्याला देत होते.

बिनपिसाची पाचशेवाली सोडून पाहिली:
डावीकडे, हातभर.
कापायची नाही असं ठरवलं, आहे तितकी लांब ठेवली,
टोकाला पितळ वाढवलं. वीतभर.
आणखी वाढवलं. चार बोटं.
बाण धनुष्याला वळसा घालतो, मग सरळ होतो;
त्याला वळायला हवं तेवढंच,
आणि ते तेवढं कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं.
"आकडे काय वाचतंस, वाकवन बघ,"
काका नाळेची फळी गुडघ्यावर दाबत म्हणाले.

शमशादनं तिकडे नवे घेतलेत, भलत्याच कंपनीचे.
त्यांच्यावरही पाचशेच.
रात्री त्याचा निरोप आला: आठशे ऐंशी ग्रॅम खजूर टांगले,
सहा सूत वाकली, तुझी फळी खोटी आहे.
मी विचारलं, खिळ्यांमधलं अंतर मोजलंस?
बराच वेळ काही नाही.
मग: खिळे कुठले, दोन खुर्च्या आहेत.

परत मोज, लिहिलं मी.
नावासमोर हिरवा ठिपका दिसतोय. मोजत असावा.
खजूर खाल्ले नसतील तर.