चाचणी

शिवण बसल्या जागी कळत नाही.
दुकानात मी बादल्या ओतून पाहिल्या,
शहानूरनं नळी लावली, खाली पेपर अंथरला.
एक अक्षर ओलं झालं नाही.
पण बादलीला वारा नसतो.

म्हणून कन्नडहून नागापूर, पुढं पायी.
फारसी अक्षरांच्या मैलदगडाशी बसून वहीत लिहिलं,
वजन अकरा किलो. डावा पट्टा चावतो.
फाल्गुन सरत आलेला, दुपार अडतीसची,
पाठीला आणि बॅगेला मध्ये हवा जायला जागा हवी होती,
हे सुरतेच्या कापडवाल्यानं नाही,
माझ्या पाठीनं सांगितलं.

अंतूरच्या माथ्यावर खुंट्या आत जाईनात. नुसता खडक.
शहानूर म्हणाला, दगडं बांधू.
सहा दोऱ्या, सहा दगडं,
त्यातलं एक कुठल्याशा कमानीचं, कोरीव.

शेळ्या खाली नेता नेता तांड्यावरचा हरचंद राठोड थांबला.
कापड चिमटीत धरून पाहिलं,
बाजारात शेळीचा कान धरून बघावं तसं.
"केवढ्याला?"
सांगितलं.
तो बराच वेळ गप्प. मग उत्तरेकडं हनुवटी उचलली,
"ताई, वारं खानदेशातून चढायलंय."

सात वाजता चांदण्या होत्या.
साडेआठला एकही नाही.
आधी धूळ आली, झिपच्या दातांत बसली,
मग इतकं शांत की स्टोव्हचीच भीती वाटावी,
आणि गारा.
बोराएवढ्या, मग सुपारीएवढ्या.
छत नाकापर्यंत खाली यायचं, पुन्हा उठायचं,
काडी वाकली, मोडली म्हणेस्तोवर सरळ झाली.
टॉर्च दातांत धरून शहानूर एकेक शिवण चाचपत होता.
कोपरा कोरडा. दार कोरडं.
दुहेरी टाका, कोरडा.
मी हसले. त्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.

आणि कपाळावर थेंब.
पुसला. पुन्हा.
मोजलं, अकरा श्वासांना एक.
टॉर्च वर केला तर
जिथं मी लाल दोऱ्यानं पट्टी लावली होती,
'द्रौपदा, कन्नड',
सगळं झाल्यावर, एका संध्याकाळी, हौसेनं,
मेण न फिरवता,
तिथं सुईच्या प्रत्येक भोकाशी एकेक थेंब
रेशनच्या रांगेत बसावं तसा
पाळीची वाट बघत बसलेला.

शहानूर काही बोलला नाही.
मला जरा सरकवलं
आणि कपाळाच्या जागी चहाचं पातेलं ठेवलं.
रात्रभर माझं नाव त्यात गळत राहिलं.
पाय गार पडले होते, ते वहीत लिहायचं राहिलं.

सकाळी तळ्याकाठी गारांचा पांढरा चुरा,
वर ऊन, जसं काही त्याचा काही संबंधच नाही.
ब्लेडनं पट्टी उसवली.
भोकं राहिली. उजेडाकडं धरलं
की अजून वाचता येतात.
पातेल्यात दोन बोटं पाणी, शहानूरनं त्यातच पत्ती टाकली.

हरचंद वर आला, डोक्यावर खताचं पोतं, मिशा ओल्या.
"गळलं का?"
"एकाच जागी."
त्यानं कप घेतला, फुंकर घातली,
"मग तेवढे कमी करा."