बारा रकाने

वाशी, पालिकेचं रुग्णालय, चौथा मजला.
खाट एकोणीस. हिंदुराव सपकाळ, वय एकसष्ट.
डावी बाजू गेलेली.
केसपेपरवर डॉक्टरांचं अक्षर,
शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखं.
माझ्या हातात मात्र दुसराच कागद,
बारा रकान्यांचा.

शोशम्मा सिस्टर कॉलेजात सांगायच्या,
आजार काय ते डॉक्टर बघतील,
माणूस दिवसभर करतो काय, ते तुम्ही विचारा.
श्वास घेतो, गिळतो, बोलतो, झोपतो,
आणि मरतो, त्याचाही रकाना आहे.
तिथे पेन थांबलं तर थांबू द्या.

श्वास: मिनिटाला अठरा.
गिळणं: पाण्याने ठसका, पेज चालते.
बोलणं: जीभ जड, शिवी स्वच्छ.
अंघोळ: "मंडळी येऊ द्या, तुम्ही नको."
लिहिलं, तसंच लिहिलं.
एका रकान्यात आम्ही सगळ्याच लाजून आडवी रेघ मारतो.
तिथे मी लिहिलं:
बायको डोक्याला तेल लावते तेव्हा डोळे मिटतात.

झोप.
रात्रपाळीची तीन दिवस एकच ओळ:
रुग्ण जागा असतो, हाका मारतो, गोळी द्यावी का.
मी विचारलं, काका, झोप का येत नाही?
हसले, अर्ध्या तोंडाने.
"तेहतीस वर्षं कांदा-बटाट्यात माथाडी.
गाड्या रात्री लागत्यात, बाई.
रात्री झोपंल त्यो खाईल काय?"
आराखड्यात टाकलं: झोप सकाळी दहा ते चार.
पडदा ओढावा. टळत असेल तर तेव्हा बीपी घेऊ नये.
रात्री कुणीतरी बोलावं.

हालचाल.
"पूर्ण परावलंबी" असा शब्द तयारच असतो.
दर दोन तासांनी कूस, चार माणसं, एक चादर.
चौघं चार वेळी ओढायचो.
ते कण्हायचे, मग शिव्या, मग भिंतीकडे तोंड.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थांबा.
असं पोतं उचलत्यात व्हय?
पोत्यालाबी लागतं."

मग त्यांनीच लावून दिलं:
उंच माणूस खांद्याशी, ठेंगणा कमरेशी,
दम आधी भरायचा, सोडायचा नंतर,
आणि हाळी एकानेच द्यायची.
कुणी?
"मी. टोळीचा मुकादम व्हतो मी."

अर्ध्या जिभेने:
"हां... धरा... घ्या!"
रमजानमामा, मी, नवखी प्रणोती,
आणि अठरा नंबरच्या पेशंटचा भाचा,
चौघं एका दमात.
ऐंशी किलोचा माणूस
पान उलटावं तसा वळला.
प्रणोतीने टाळी वाजवली, मग जीभ चावली.

आराखडा, क्रमांक चार:
उचलताना हाळी रुग्ण देईल.
मेट्रनबाईंनी त्याला लाल गोल केला.
हे कुठल्या पुस्तकात बसतं?
मी म्हटलं, कामाच्या रकान्यात.
तिथे पहिल्या दिवशी मीच लिहिलं होतं, "काही नाही."
एक रेघ मारून खोडलं. वर "मुकादम".
खाली सही, तारीख.

परवापासून माझी रात्रपाळी.
कुणीतरी बोलावं, त्यातली कुणीतरी मीच.
काल कागद बघून म्हणाले,
"त्यो खालचा मोकळा का?"
मी सांगितलं, कशाचा आहे ते.
खोटं बोलता आलं असतं.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"तवाबी चौघंच असत्यात," म्हणाले.
"हाळी कोण देणार, तेवढं लिवा."

मी लिहिलं नाही.
पाणी घट्ट करून पाजलं, तीन चमचे,
मान किंचित पुढे, ठसका नाही.
रात्रीचे अडीच.
तुर्भ्याकडे आता गाड्या लागल्या असतील.
कूस बदलायची वेळ झाली होती.
मी मामांना उठवायला गेले,
आणि मागून, न सांगता,
त्यांनी दम भरल्याचा आवाज आला.